बहर सरल्यावरचा आठवडा

“काय अवकाळी, यंदा कुठल्या ओसाड गावात नेताय आम्हाला?” अध्यक्षांनी विचारलं आणि दंतवैद्यांची अख्खी कार्यकारिणी खो खो हसली.

अवकाळी म्हणजे संघटनेचे सचिव. वार्षिक परिषदेचं गाव ठरवायचं काम त्यांचं, आणि हंगाम उलटलेलंच गाव निवडायचं ही त्यांची रीत. सभागृह मागाल त्या दिवशी मिळतं, हॉटेलवाले तळहातावर झेलतात, आणि दिवसभर हिरड्यांवरची व्याख्यानं ऐकणाऱ्यांना गाव बघायला सवड असते कुठे? जागा पाहायला जाताना ते बायकोला बरोबर नेत. तिच्या वाट्याला यायच्या झाकून ठेवलेल्या होड्या आणि कोरडी कारंजी.

“एकदा फुलं असताना येऊ हं,” ती म्हणायची.

“येऊ की. फुलं काय पळून जातात?”

फुलं नाही, तिची नजरच चालली. “काका, काकूंना जे दाखवायचंय ते आत्ताच दाखवा,” डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अवकाळींनी लगेच तलावाकाठच्या बागेच्या गावी फोन लावला. हॉटेलचा मॅनेजर जुन्या ओळखीचा.

“नेहमीसारखंच ना, साहेब?”

“हो हो, नेहमीसारखंच.” सवयीने तोंडातून निघून गेलं. त्या बिचाऱ्याने इमानेइतबारे बहर सरल्यावरचा आठवडा राखून ठेवला. तारीख यांनीही वाचली, पण अशाच तारखा वाचण्यात जन्म गेलेला, खटकली नाही.

बागेच्या फाटकातून आत शिरताच ते थबकले. वाफे उकरलेले, ताटवे उजाड. पुढचा बहर वर्षाने, आणि तेवढा अवधी डॉक्टरीणबाईंनी दिलेला नव्हता.

“सांगा ना, कशी आहेत?” त्यांचा दंड धरून तिने विचारलं.

तिला लांबचं धूसर दिसतं, या भरवशावर ते धडधडीत खोटं बोलले. “इकडे सगळी लाल. काठाने जांभळी. आणि पलीकडे पिवळी, अगं, नुसती लोटलीयेत...”

“अहो, पण हा इथे जवळच माळी रोपं उपटतोय ना?”

ते मटकन बाकावर बसले. रडू आवरेना. “चुकलं गं माझं. जन्मभर हेच केलं मी तुझ्याशी.”

ती चाचपडत शेजारी बसली.

“पिवळ्यांपर्यंत आला होतात. पुढे सांगा,” ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटून घेतले.