दोन शतांश

बाबा गेले त्या महिन्यात आम्ही कातलेले चाळीसच्या चाळीस शाफ्ट पंपात बसेनात म्हणून परत आले. पंपवाले हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. शनिवारपर्यंत नवे शाफ्ट बसले नाहीत तर काम दुसरीकडे जाणार होतं, म्हणजे वर्कशॉपला कुलूप.

"लेथ म्हातारा झालाय," काका म्हणाले. तीस वर्षं ते बाबांच्या शेजारी उभे होते. "नवा घे."

"वापरलेला घेऊ या ना, काका."

"मग दोघांना बोलाव. होऊ दे स्वयंवर."

नव्या लेथचा विक्रेता टाय लावून आला, जुन्या मशिनांचा दलाल चपला फरफटत. दोघांनी डायल गेज लावून बाबांचा लेथ तपासला. काटा जागचा हलेना. दोघांचे चेहरे पडले.

"मॅडम, याला काहीच झालेलं नाही," विक्रेता दबक्या आवाजात म्हणाला.

मी पंपवाल्यांना फोन लावला. "शाफ्ट अगदी मापात आहेत हो."

"तेच तर! बावीस वर्षं तुमचा शाफ्ट उजव्या टोकाला दोन शतांश मिलिमीटर जाड येतोय. आमची भोकं त्याच मापाची. सरळ शाफ्टचं काय लोणचं घालू?"

काकांनी कपाळावर हात मारला. बाबांचा गुडघा दुखायचा. शेवटचा कट चालू असताना ते लेथच्या उजव्या टोकावर रेलायचे.

"नव्यात रेलणारा माणूस येत नाही," विक्रेता प्रामाणिकपणे म्हणाला.

"वापरलेल्यात येतो कधीकधी," दलाल म्हणाला. "पण गॅरंटी नाही."

त्या टोकाचा रंग उडून लोखंड गुळगुळीत झालं होतं. तिथं मी अजून हात लावला नव्हता. काकांनी लेथ सुरू केला आणि मी रेलले. मायक्रोमीटरवर अर्धा शतांश.

"खात जा जरा," म्हणत काका शेजारी टेकले. सव्वा. दलाल आला. पावणेदोन. मग आम्ही तिघांनी विक्रेत्याकडे पाहिलं. त्याने टाय शर्टात खोचला आणि संकोचत अंग टाकलं.

दोन.

तो शाफ्ट दलालाच्या रिक्षातून पंपवाल्यांकडे गेला. तासाभरात फोन आला. "बसला! असाच हवा होता. बाकीचे एकोणचाळीस कधी?"

बाराव्या शाफ्टला विक्रेत्याचा फोन वाजला. त्याने जागा न सोडता, मान वाकडी करून तो कानाला लावला.

"जेवायला थांबू नकोस... नाही गं, लेथ नाही खपला... मी रेललोय."