दुसऱ्याच्या रानातलं तण

फळ्यावर मधोमध मोठा चौकोन निघाला आणि प्रेरणा औताडेनं हातातलं पेन खाली ठेवलं. चौकोन काढणाऱ्या डॉ. निशा पटवर्धन पुण्याहून आल्या होत्या, आणि चौकोन म्हणजे त्यांच्या संस्थेतला मोठा संगणक. त्याच्याभोवती त्यांनी लहान लहान गोल काढले. जालना, बीड, परभणी आणि संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातलं हे कॉलेज, ज्याच्या हॉलमध्ये बैठक भरली होती. प्रत्येक गोलातून एकेक बाण चौकोनाकडे गेला. चौकोनातून एकही परत आला नाही.

या सगळ्या कॉलेजांत लहान दुर्बिणी होत्या. ज्यांचा उजेड कमीजास्त होतो अशा ताऱ्यांचे फोटो ही मंडळी रात्र रात्र जागून काढत. पण फोटो काढला म्हणजे काम झालं असं नसतं. भिंगावरची धूळ, कॅमेऱ्याचे स्वतःचे डाग, सगळं निवडून काढावं लागतं, तांदळातले खडे काढावेत तसं. मग कुठे ताऱ्याचा उजेड मोजता येतो. प्रत्येक कॉलेज ही सफाई आपापल्या पद्धतीनं करी, त्यामुळे एकाचे आकडे दुसऱ्याशी जुळतील तर शपथ. म्हणून सगळ्यांनी मिळून एकच सॉफ्टवेअर बनवायचं ठरलं होतं आणि ते कसं बनवायचं याचा आराखडा करायला ही दोन दिवसांची बैठक होती.

प्रेरणा या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते देव जाणे. स्टाफरूममध्ये तिची स्वतःची खुर्ची नव्हती. जी रिकामी असेल ती तिची. तिचं म्हणावं असं एकच होतं, गच्चीवरची दुर्बिणीची खोली. फोटो साफ करण्याचा एक छोटा प्रोग्रॅम तिनं तिथंच बसून लिहिला होता आणि जालना-बीडची माणसं तो आवडीनं वापरत. प्राचार्यांनी मात्र तिला आधीच बजावलं होतं. काम इथं होणार असेल तर खोली तुमची; नुसते फोटो पाठवायचे असतील तर ते शिपाईसुद्धा पाठवील, खोली क्रीडा विभागाला देऊन टाकू.

म्हणून ती उठली आणि तिनं विचारलं, की मग आम्ही करायचं काय? डॉ. निशा काही वाईट बाई नव्हत्या. त्यांनी मार्कर खाली ठेवला.

"प्रेरणा, मला कुणाचं काम काढून घ्यायचं नाही. पण प्रत्येकानं आपापलं साफ केलं आणि आपलं बरोबर आहे असं म्हटलं, तर ते तपासायचं कुणी?"

प्रेरणा खाली बसली. एरवी गप्प बसवता न येणारा जालन्याचा बुद्धभूषण वाघमारेही छताकडे बघत राहिला. निर्णय दुसऱ्या दिवसावर गेला, पण तो काय होणार हे सगळ्यांना दिसत होतं. प्रेरणा स्कूटीवरून दौलताबादला घरी निघाली तेव्हा तिला रडूच यायचं बाकी होतं.

घरी तिच्या या कामाबद्दल कौतुक भरपूर आणि समज बेताची. सफाईसाठी आधी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून नुसत्या कोऱ्या उजेडाचा फोटो घ्यावा लागतो. कॅमेऱ्याचे डाग त्यात उघडे पडतात. त्या फोटोला फ्लॅट म्हणतात. कापड म्हणून तिनं वडिलांचं, कडूबांचं, जुनं धोतर नेलं होतं. "आज संध्याकाळी फ्लॅट काढायचेत," असं ती एकदा फोनवर म्हणाली आणि कडूबांनी गावभर केलं की पोरगी चिकलठाण्याला फ्लॅट घेतेय. शेजारच्या बद्रीनाथनं तर खोल्या किती आहेत तेही विचारलं होतं.

आज मात्र तिचा चेहरा बघून कडूबांनी नुसता पाण्याचा तांब्या पुढे केला. आई, द्वारकाबाई, ताट वाढता वाढता म्हणाली, "उद्याचा डबा तुझा तू करून घे बाई. मला बद्रीनाथच्या रानात जायचंय खुरपायला. सावड फेडायचीय."

सावड प्रेरणाला नवी नव्हती. आज मी तुझ्या रानात राबायचं, उद्या तू माझ्या. हिशेब कुणी मांडत नाही आणि विसरतही कुणी नाही. पण दिवसभराचा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. आपल्या कांद्यात गुडघाभर तण माजलंय ते सोडून लोकांच्या रानात कशाला जायचं, असं ती फणकारली.

द्वारकाबाईनं भाकरी मोडून तिच्या ताटात टाकली. "आपल्या रानात माणसाची नजर मरती. तण दिसतं, पर दिसत नाय. रोजचंच असतंय ना ते. दुसऱ्याच्या रानात तसं चालत नाय, तिथं मागून कुणीतरी वाफा बघतंय. आन् परवा बद्रीनाथची बायको येईल आपल्याकडं. तिला बरोबर दिसंल माझं काय राह्यलंय ते."

प्रेरणाचा घास हातातच राहिला. आईनं विचारलं, भाजीत मीठ कमी पडलं काय? प्रेरणा म्हणाली, नाही गं, लई ब्येस झालीय. आणि तिनं आणखी एक भाकरी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू होताच तिनं मार्कर मागितला. चौकोनाकडे जाणारे बाण तिनं तसेच ठेवले, पण एका गोलातून दुसऱ्या गोलाकडे ती नवे बाण काढत सुटली. आपले फोटो आपण साफ करायचेच नाहीत, ती म्हणाली. बीडचे फोटो जालना आणि परभणीनं करायचे, एकमेकांना न विचारता. जालन्याचे आणखी दोघांनी. मूळ फोटो पुण्याच्या संगणकात सुखरूप राहतील आणि दोघांचे आकडे जुळतात का तेही तोच बघेल. जुळले नाहीत तर तिसऱ्याकडे जातील. सॉफ्टवेअर सगळ्यांचं एक, नजर मात्र दर वेळी परक्याची.

"याला आमच्याकडं सावड म्हणतात," असं म्हणून तिनं आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

हॉल हसला, पण ते हसणं चांगलं होतं. डॉ. निशा हसल्या नाहीत. त्या उठून फळ्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "आत्ताच करून बघू. कुणाचे फोटो घ्यायचे?"

"माझे घ्या."

तिनं दिले ते मागच्या हंगामाचे, तिच्या सगळ्यात अभिमानाचे फोटो. त्यांच्यावर तिचा शोधनिबंध जवळजवळ लिहून झाला होता. बुद्धभूषण एका कोपऱ्यात बसला, परभणीचे शिवराज सर दुसऱ्या. दुपारच्या चहाच्या आधी बुद्धभूषण तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, मॅडम, जरा बाहेर येता का? तिनं सांगितलं, काय असेल ते इथंच सांगा.

"तुमच्या फ्लॅटमधी डाव्या कोपऱ्यात उजेड जास्त हाय. तारा तिकडं सरकला की आकडे चुकायलेत. फ्लॅटमधीच गडबड हाय."

शिवराज सरांनी आपला कागद पुढे केला. त्यांच्याकडेही तोच कोपरा होता.

प्रेरणानं फ्लॅट उघडून पाहिला आणि तिचे कान तापले. धोतर एका बाजूनं नीट ताणलं गेलं नव्हतं. तिथल्या फटीतून गच्चीवरच्या दिव्याचा उजेड आत आला होता. हंगामभर हा कोपरा तिच्या डोळ्यांसमोर होता आणि तिला तो एकदाही दिसला नव्हता. निबंध गेला, हंगामाचे आकडेही गेले, सगळं पुन्हा करायचं होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही. पण त्याच्या कितीतरी वर आनंद उसळून आला, इतका की भर सभेत ती खळखळून हसली. तिची चूक सापडली होती, म्हणजे तिचा आराखडा बरोबर होता.

डॉ. निशांनी ओल्या फडक्यानं मधला मोठा चौकोन पुसला आणि फळ्याच्या कडेला एक लहानसा चौकोन काढला. "आमच्या संगणकानं हा फ्लॅट आला तसा वापरला असता. खरं सांगायचं तर मीही," त्या म्हणाल्या. बुद्धभूषणला आता राहवेना. गाव करी ते राव काय करी, असं तो मोठ्यानं म्हणाला, आणि सगळ्यात आधी टाळी दिली ती डॉ. निशांनीच. सॉफ्टवेअरला कुणी लांबलचक इंग्रजी नाव सुचवत होतं, ते त्यांनी मध्येच थांबवलं. नाव पडलं सावड. कामाची सूत्रं प्रेरणाकडे आली. आभार मानायला आलेल्या प्राचार्यांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं की गच्चीवरची खोली औताडे मॅडमकडेच राहील, आणि बाहेर पडताना दिव्यावर झाकण बसवून देण्याचंही कबूल केलं.

मग पहिली पाळी कुणाची, म्हणजे आधी कुणाचे फोटो साफ करायचे, असा प्रश्न निघाला. सगळ्यांनी एका सुरात संभाजीनगरचं नाव घेतलं. ते रीतसरच होतं. नुकसान तिचं झालं होतं, कल्पनाही तिची. प्रेरणानं फळ्यावरच्या परभणीच्या गोलावर बोट ठेवलं.

"परभणीची पाळी आधी," ती म्हणाली. "त्यांचा तारा मावळतीला लागलाय, थोड्याच दिवसांत दिसायचा बंद होईल. काय चुकलंय ते आत्ताच कळलं तर त्यांना फोटो परत काढता येतील. माझं बिघडायचं ते बिघडलंय, ते थांबेल."

शिवराज सरांनी हात जोडले.

पाहुणे गेले, हॉलला कुलूप लागलं, तेव्हा उन्हं उतरली होती. प्रेरणा गच्चीवरच्या खोलीत गेली आणि तिनं कॉम्प्युटर सुरू केला. स्वतःचा बिघडलेला हंगाम तिनं एका बाजूला सारून ठेवला आणि परभणीचा पहिला फोटो उघडला. मग तिनं ओढणी कमरेला गच्च बांधली आणि डाव्या कोपऱ्यापासून बघायला सुरुवात केली.