कोपरापर्यंत मोकळे हात

तेजस्वीला त्या नर्सचं तोंडसुद्धा बघवत नव्हतं. आता नर्सनं तिचं काय वाईट केलं होतं? काही नाही. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या तेजस्वीच्या लेकराला ती नळीनं दूध द्यायची, या कुशीवरनं त्या कुशीवर वळवायची, जगवायची. तेच तर दुखणं होतं. पोरगं पोटात वाढवलं तेजस्वीनं, आणि हात फिरवणार ही रुद्राणी. आई मात्र काचेबाहेर उभी, पावणी आल्यागत.

त्यात ती बया बोलायची. काचेच्या पेटीच्या खिडकीतून हात घालून, सीमाभागातल्या आपल्या कन्नड हेलात सारखं काहीतरी पुटपुटायची, आणि पोरगं रडायचं थांबायचं. वर त्याला तिनं 'पैलवान' म्हणायला सुरुवात केली. अहो, नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि इथं बारशाच्या आधीच सगळा वॉर्ड विचारतोय, पैलवानानं आज दूध किती पचवलं. तेजस्वीच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

तिला बाहेर ठेवलं होतं त्याला कारण होतं. कोल्हापुरातल्या त्या दवाखान्यात बाळांच्या वॉर्डात एक जंतू शिरला होता, आणि भारीतल्या भारी औषधालाही तो दाद देत नव्हता. हातावरनं एका बाळाचा दुसऱ्याला जायचा. म्हणून डॉक्टरांनी नियम केला होता. कोपराखाली अंगठी नको, दोरा नको, बांगडी नको. हात कोपरापर्यंत धुवायचे, मगच आत. बाकीच्या आया मुकाट्यानं हात मोकळे करून लेकराला उराशी धरत होत्या. तेजस्वीच्या हातात डोहाळजेवणाचा हिरवा चुडा होता. गडमुडशिंगीहून रोज डबा घेऊन येणाऱ्या सासूबाई, चिमणाबाई, पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "चुडा काढायचा न्हाय. माझा ल्योक जिता हाय अजून." तो ल्योक, धैर्यशील, शिरोली एमआयडीसीत भट्टीवर कामाला. त्यानं आईच्या बोलण्यावर नुसती मान डोलावली.

खरं सांगायचं तर सासूचं निमित्त होतं. रुद्राणीचे हात म्हणजे लंकेची पार्वती. तिच्यासारखेच मोकळे करून, तिचीच परवानगी काढून आपल्या पोराला हात लावायचा, हे तेजस्वीच्या जिवावर आलं होतं.

मग तिनं शक्कल काढली. वॉर्डच्या दारावर राखणीला असलेली मावशी जेवायला गेली तसा तिनं चुडा जमेल तेवढा वर रेटला, त्यावर रुमाल आवळला, गाऊनच्या बाह्या खाली ओढल्या आणि मनगटापुरते हात धुऊन आत शिरली. पेटीच्या खिडकीत हात घातला. बोट पोराच्या तळव्याला लागणार, तेवढ्यात रुमाल सुटला आणि बांगड्या किणकिणत खाली आल्या. रुद्राणीनं तिचा दंड धरला.

"हात बाहेर काढा."

"माझं पोरगं हाय ते."

"व्हय. म्हणूनच काढा."

तेजस्वीचा तोल गेला. "तुला काय, फुकटचं लेकरू मिळालंय खेळवायला. मी आत आलो तर तुझा मान जातोय की."

रुद्राणीनं आवाज चढवला नाही. "त्या कोपऱ्यातली पेटी मोकळी हाय, बघा. परवा त्यातलं बाळ गेलं. मीच गुंडाळून त्याच्या आईच्या हातात दिलं. हे मला गुंडाळायचं न्हाय."

तेजस्वी बाहेर आली. रिकामी पेटी डोळ्यापुढनं हलेना. राग गेला नव्हता बरं का. उलट बाई खरं बोलली म्हणून जास्तच आला होता. बेसिनपाशी तिनं साबण चोळला, पण बाळंतपणानं हात सुजलेले, बांगडी उतरेना.

"काय करतीस गं?" चिमणाबाई धावत आल्या.

"आत जातो, आत्ती."

बांगड्या वाढवायच्या म्हणतात. हिनं हाताला टॉवेल गुंडाळला आणि बेसिनच्या कडेवर सरळ फोडल्या. चिमणाबाईंनी तोंड फिरवलं आणि जिन्याकडं चालू लागल्या.

कोपरापर्यंत हात घासून ती आत आली. रुद्राणीनं ते उलटसुलट करून बघितले आणि पोरगं उचलून तिच्या उघड्या छातीवर ठेवलं. केवढंसं ते, कोंबडीच्या पिलागत. तेजस्वीला वाटलं, आता ओळखेल. आईचा वास कळतो म्हणतात ना.

पोरगं रडायला लागलं. लालभडक झालं, श्वास अडखळला, वरचं यंत्र वाजायला लागलं. तेजस्वी "उगी, उगी" म्हणत होती, पण तिचा आवाज त्यानं जन्मल्यापासून ऐकलाच नव्हता. रुद्राणी शेजारी उभी होती, नजर यंत्रावर आणि तोंड बंद. मुद्दाम बंद. आईचा मान ती आईला देत होती. तेही तेजस्वीला कळलं, आणि त्याचाही तिला राग आला.

यंत्र वाजतच होतं. या बाईला हाक मारण्यापेक्षा जीभ झडलेली बरी, असं तिला वाटत होतं.

"सिस्टर," ती म्हणाली, "त्याच्याशी बोला की."

रुद्राणी वाकली आणि त्या हेलात हळू म्हणाली, "काय पैलवान, आई आलीया आणि रडतोस व्हय?"

पोरगं थांबलं. तेजस्वीच्या छातीवर गाल टेकवून हळूहळू निवांत झालं. तिच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, आणि ते सगळंच काही आनंदाचं नव्हतं.

रुद्राणी सरळ व्हायला लागली, तशी तेजस्वी म्हणाली, "थांबू नका. बोलत राहा. माझ्याकडं बघू नका तुम्ही."