नाकाडोंगरीचा थांबा

“उलटं काढलं तू,” टिकाराम म्हणाला आणि जाळं विणायची सुई अर्ध्या गाठीतच सोडून त्याने मुलाच्या कागदावर बोट ठेवलं.

घरापुढच्या सपरीत कुलदीप जेवण झाल्यापासून पालथा पडून नकाशा काढत होता. तुमसरच्या एका शाळेत तो खेळाचा मास्तर होता. दीड वर्षापूर्वी त्याला सायकलचं वेड लागलं आणि बघता बघता त्याच्यासकट बारा वेडे जमले. येत्या रविवारी आंधळगावातून निघायचं, डोंगराला पूर्ण वळसा घालायचा आणि परत आंधळगावात यायचं, असा बेत होता. शंभराच्या घरात किलोमीटर, निम्मं जंगल, मध्ये घाट. रस्ता आखायचं काम कुलदीपवर आलं होतं. बापाला त्याने काही विचारलं नव्हतं, पण कागद बरोबर बापाच्या पुढ्यात पसरला होता.

“उलटं कसं?” तो म्हणाला. “पहाटे निघून तुमसर, मग सपाटीनं नाकाडोंगरी. तिथून जंगलात शिरायचं, घाट चढायचा अन् गायमुखावरून घरी. अंग गरम झाल्यावर चढ येते.”

“अंग नाही, डोस्कं गरम होईन. उन्हात बैलबसणीचा घाट चढते का कोनी? पहिले गायमुख घे. थंडीतच घाट मार. मंग नाकाडोंगरीपर्यंत उतारच उतार.”

आत भांडी घासणाऱ्या रत्नाबाईचा हात थांबला. नवऱ्याच्या तोंडून त्या गावाचं नाव तिने सहा वर्षांनी ऐकलं होतं.

एके काळी नाकाडोंगरी ही टिकारामची मासळी विकायची सगळ्यात चांगली फेरी होती. रात्री तळ्यात जाळं टाकायचं, उजाडायच्या आत मासळीची टोपली सायकलच्या कॅरियरला आवळायची आणि डोंगर ओलांडून पलीकडची गावं गाठायची. वीस वर्षं त्याने ते केलं. मग थोरल्या मुलीने, शकुनने, नाकाडोंगरीच्या धनंजयशी आपल्या मनाने लग्न केलं. पोरगा खाणीवर कामाला, जातीने दुसरा. टिकारामने दारात उभं राहून अख्ख्या मोहल्ल्यादेखत सांगितलं, आजपासून तो रस्ता माझ्यासाठी संपला. आणि खरंच त्याने पुन्हा तिकडे सायकल वळवली नाही. शब्दाचा पक्का म्हणून गावात त्याचं नाव होतं. त्या नावाचा त्याला अलीकडे कंटाळा आला होता. पोरीची आठवण रोज यायची, पण चारचौघांत दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा हे त्याला ठाऊक नव्हतं.

“तुमच्या हिशोबानं केवढा आहे घाट?” कुलदीपने विचारलं.

“तीन विड्या.”

“मोबाइल चार किलोमीटर सांगून राहिला.”

“मोबाइलनं कधी चाळीस किलो रोहू नेली का तठी?” टिकाराम सरकून जवळ आला. “पहिली विडी बोरिंगपाशी. दुसरी जिथं बैल बसत, त्या मोठ्या दगडापाशी. तिसरी वरच्या मोहाखाली. मोहाच्या पुढं उतार लागते, तं पाचशे पावलांवर एकाएकी वळण हाय. तिथं दोन्ही ब्रेक एकदम दाबले का गेला मानूस खाली. सांगून ठेव पोट्ट्याइले.”

कुलदीपने वळणापाशी फुली मारली आणि बाजूला ‘दोन्ही ब्रेक नको’ असं लिहिलं. आपलं बोलणं लिहून घेतलं जातंय हे पाहून टिकाराम खूश झाला. त्याने चष्मा लावला आणि दुसरा कागद ओढून घेतला. त्यावर थांब्यांची यादी होती. दोन नंबरला लिहिलं होतं: टपरी, नाकाडोंगरी. सकाळी आठ. चहा, पाणी, सायकली ठेवायला अंगण, संडास.

“टपरी म्हंजे कवडूची का?”

“नाही. कवडूनं बंद केली.”

“मंग कोनाची?”

“आहे एका बाईची.”

“टपरीवर संडास हाय?”

कुलदीप पेन्सिलीला टोक करू लागला. टोक आधीच चांगलं होतं.

“अंगनही हाय,” टिकाराम यादीकडे बघत म्हणाला. “बारा सायकली राहतीन एवढं. भलती मोठी टपरी हाय, बाप्पा.”

आता आपल्याला राग येईल असं टिकारामला वाटलं, म्हणून तो जरा थांबला. राग काही आला नाही. पोरगा शकुनकडे जाऊन-येऊन असतो, म्हणजे माहेरचं कोणीतरी तिला होतं, या विचाराने त्याला बरं वाटलं. आणि बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली.

“चाय कशी करते?” त्याने विचारलं.

“बरी करते.”

“साखर लय टाकत असन.”

“टाकते.”

“तब्येत?”

“आता बरी आहे. मधात टायफाइड झाला होता.”

“कवा?”

“पोळ्याच्या वक्ती. आठ दिवस दवाखान्यात होती.”

पोळ्याच्या वेळी आपण काय करत होतो ते टिकारामला आठवलं. तळ्याच्या पाळीवर बसून चार लोकांत हसत-खिदळत होतो. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

“जवळ कोन होतं?”

“धनंजयभाऊजी. कामावर खाडे करून बसले होते उशाशी.”

“अन् पोट्टी?” नात झाल्याचं त्याला कोणीतरी बाजारात सांगितलं होतं. त्या दिवशी तो नुसता मासळी तोलत राहिला होता.

“रिंकू. चार वर्षांची झाली. तोंड मिटत नाही तिचं.”

“आजावर गेली पुरी,” आतून रत्नाबाई बोलून गेली.

टिकारामने दाराकडे मान वळवली. “तूही चाय पिऊन आली वाटते त्या टपरीवर?”

“दोनदा,” रत्नाबाई आतूनच म्हणाली. “दवाखान्यातही गेली होती. तुमाले बहिनीच्या घरी जातो म्हनून सांगितलं.”

म्हणजे शब्दाला चिकटून बसलेला घरात तो एकटाच होता. टिकारामला हसू आलं, पण ते नीट बाहेर पडलं नाही. त्याने खोकून घेतलं.

“आठ वाजताचा थांबा नको,” तो कागदावर बोट आपटत म्हणाला.

“आठला चहा पिऊन लगेच निघतो, बाबा. दुपारी पोचलो तर बारा माणसांचा स्वयंपाक तिच्या गळ्यात पडन.”

“म्हनून उलटं काढलं होय? मले सांगतं अंग गरम होते!” टिकारामचा आवाज चढला. “घाट पहिले घे. साडेसातले निंघा, दम खात खात जा अन् बारा वाजता पोचा. जेवाच्या वक्ती दारात आलेला मानूस उपाशी धाडन का ते? माही पोरगी हाय.”

कुलदीपने वेळ खोडून बारा लिहिली.

“अन् हे काय लिहिलं? घराले टपरी म्हनते का कोनी? खोड ते.”

“काय लिहू?”

“शकुनचं घर.” आवाज घोगरा झाला, तसं त्याने पुन्हा एकदा, नीट म्हटलं, “शकुनचं घर लिही.”

कुलदीपने लिहिलं. नकाशावरचे बाण उलटवायला मात्र त्याचा हात लगेच उचलेना. तो डोळे मिचकावत बसून राहिला.

टिकारामचं डोकं तोवर पुढे धावत होतं. “तुमच्या मांगं टेम्पो येते नं? शनिवारी जाळं टाकतो. सात-आठ किलो मासोळी त्यात ठेवू. बारा जनं जेवतीन तं तिनं एकटीनं कायले पाहावं?”

“ठेवू ना. ड्रायव्हर पोचवून देईन. मी त्याला घर समजावून देतो.”

“काही नको. मी बसतो त्याच्या बाजूले. नाकाडोंगरीतला बोळ न् बोळ मले पाठ हाय.”

“पण बाबा,” कुलदीप हळूच म्हणाला, “तिचं घर तुम्हाले कुठं माहीत आहे?”

रत्नाबाई ओले हात घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. टिकारामने जाळं मांडीवर ओढलं, सुई शोधली, अर्धी राहिलेली गाठ बोटांनी चाचपली.

“नाही माहीत,” तो म्हणाला. “विचारत जाईन. शकुनचा बाप हाव म्हनून सांगीन.”