फिनलंडमधला हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक नकाशा आहे. वर्गाच्या भिंतीवर टांगतात तसला नव्हे, मी संगणकाच्या पडद्यावर उघडतो. बोटाने मला मोठा करा, लहान करा, मी कधी कुरकुरलो नाही.

माझा जन्म गोव्यातल्या पेडण्याचा. तिथे कृष्णनाथ नावाचे गृहस्थ भजनी मंडळात गातात. त्यांच्या पखवाजवाल्याला मोपाच्या विमानतळावर पाळीची नोकरी लागली आणि सरावाला ठेका धरायला कुणी उरेना. तेव्हा त्यांच्या मुलाने, गौरेशने, संगणकावर पखवाज वाजवणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि जगाला फुकट वाटलं. ते कुठे कुठे वापरतात हे कळावं म्हणून त्याने मला घडवलं. ज्या गावातल्या संगणकावर ते सुरू असेल, त्या गावावर माझ्यात हिरवा दिवा लागतो.

पहिला दिवा पेडण्यात लागला. मग डिचोली, फोंडा, बेळगाव आणि हां हां म्हणता बहारीन, लंडन. डिचोलीच्या एका शाळेत मला मोठ्या पडद्यावर दाखवलं, तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

पुढे गौरेश नोकरीसाठी फिनलंडला गेला. तो राहायला गेला त्या गावात हे सॉफ्टवेअर वापरणारा तो एकटाच. निघताना त्याने आईला, कमलाक्षीबाईंना, माझ्यातली ती जागा दाखवली आणि म्हणाला, "आई, हय दिवो दिसलो काय समज, मी बरो आसंय."

आधी आईवडील त्याला रोज फोन करायचे. मग वाटू लागलं, पोरगा कामात असेल, झोपला असेल, उगाच त्रास कशाला. दिवा तर दिसतोच आहे. रोजचा फोन आठवड्यावर गेला. सकाळी चहाबरोबर मला उघडायचं, दिवा बघायचा आणि कामाला लागायचं. माझ्यावर एवढा विश्वास, म्हणून मी तोऱ्यात होतो. त्या तोऱ्याची मला आज लाज वाटते.

गेल्या जानेवारीत गौरेश खोलीत एकटाच तापाने पडला. संगणकावर ते सॉफ्टवेअर सुरूच राहिलं, म्हणून माझा दिवाही राहिला. मला संगणक कळतो, माणूस कळत नाही. चार दिवस कमलाक्षीबाई मला उघडत होत्या आणि चार दिवस मी त्यांना सांगत होतो, सगळं ठीक आहे. पाचव्या दिवशी ऑफिसातल्या सोबत्याने दार उघडवलं, तेव्हा गौरेश या जगात नव्हता.

बातमी आली तरी दिवा होताच. कमलाक्षीबाई पडद्यापुढून हलेनात. "दिवो पेटलेलो आसा मां? मगे माजो झील खंय गेलो?" असं त्या आपल्या मुलाबद्दल विचारत राहिल्या. संध्याकाळी तिकडे कुणीतरी खोली आवरताना संगणक बंद केला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दिवा विझला. त्यांनी त्या जागेवर बोट ठेवून मला मोठं केलं, आणखी मोठं केलं. रस्ते दिसले, घरं दिसली. दिवा दिसला नाही.

मला कुणी दोष दिला नाही. कृष्णनाथ एवढंच म्हणाले, "आपण फोन करूक होयो होतो."

आता त्या घरात मला कुणी उघडत नाही. पण मित्रांनो, तुमचं कुणी दूर असेल, तर माझ्याकडे बघून निश्चिंत होऊ नका. फोन करा. झोपमोड झाली म्हणून ते चिडले, तर चिडू द्या. तो चिडका आवाज मला कधीच दाखवता येणार नाही.