घरगुती कारण

खोक्यांच्या कारखान्यात तिला सगळे फॉर्मताई म्हणत, आणि त्यात कुणालाच काही खटकत नसे, तिला तर मुळीच नाही. रजेचा फॉर्म, बदलीचा फॉर्म, नोकरी सोडण्याचा फॉर्म, सगळे तिच्याच टेबलावरून जात. सोळा वर्षं ती हेच करत आली होती. अशा बाईला मनुष्यबळ व्यवस्थापनाची वरची पदविका म्हणजे डाव्या हातचा मळ, असं सगळ्यांना वाटलं. ती दोनदा नापास झाल्यावर वाटायचं थांबलं.

आता तिसरी आणि शेवटची खेप होती. लेखी पेपर कसेबसे सुटले होते, प्रकल्प तेवढा उरला होता. तो शुक्रवारी पोचला नाही किंवा पोचून आपटला, तर नोंदणी रद्द. मग अधिकाऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर बाहेरचं कुणीतरी येऊन बसणार, असं साहेबांनी स्पष्टच सांगितलं होतं.

पुस्तकांनी तर तिची भंबेरी उडवली होती. एक लेखक म्हणतो, माणूस पगारासाठी राबतो. दुसरा म्हणतो, छे, मानासाठी. तिसरा म्हणतो, दोघंही चुकले, आणि चौथ्याने नुसतीच एक आकृती काढून ठेवलेली, बाण इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. कारखान्यात माणसं तिला रोज भेटत, पण त्या आकृतीतला माणूस तिला एकदाही भेटला नव्हता.

म्हणून तिने प्रकल्पाला आपल्या हातातला विषय घेतला: माणसं नोकरी का सोडतात. पाच वर्षांचे फॉर्म कपाटातच होते. बासष्ट जण गेलेले. त्यातले तिघे निवृत्त झालेले, एक वारलेला, आणि उरलेल्या अठ्ठावन्न जणांच्या कारणाच्या रकान्यात एकच उत्तर: घरगुती कारण. लेकीने संगणकावर गोल आलेख काढून दिला. जवळजवळ सगळं वर्तुळ निळं, कडेला एक चिमुकली पिवळी फोड.

"आई, हा आलेख आहे की बशी?" लेक म्हणाली.

फॉर्मताईने त्याखाली निष्कर्ष लिहिला, की कर्मचाऱ्यांचं घरचं जीवन अस्थिर असल्याने कंपनीने कौटुंबिक सल्लागार नेमावा. वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं.

रविवारी दुपारी मार्गदर्शक सर फोनच्या पडद्यावर आले. आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले.

"हे अठ्ठावन्न जण एकमेकांचे नातेवाईक आहेत का हो?"

"नाही सर."

"मग इतक्या घरांत असं काय झालं? बरं, हा कारणाचा रकाना कोण भरतं?"

"मीच भरते."

"त्यांना विचारून?"

फार पूर्वी, ती नवीन असताना, खरी कारणं लिहिलेले फॉर्म मुख्य कचेरीतून परत येत, वर खुलासा मागणारी पत्रं. तेव्हाच्या साहेबांनी तिला युक्ती शिकवली होती: घरगुती लिहा, कुणाच्या घरात चौकशीला कोण जातंय. त्यानंतर एकही फॉर्म परत आला नाही. हे तिला कामातलं कौशल्य वाटत आलं होतं.

"तुम्ही माणसांचा नाही, स्वतःच्या अक्षराचा अभ्यास केलात," सर म्हणाले. "मर्यादा म्हणून एक परिच्छेद जोडलात तर काठावर पास व्हाल. नाहीतर दहा-बारा जणांना फोन करून बघा. ठरवा तुम्हीच."

हे 'ठरवा तुम्हीच' तिला सगळ्यात अवघड गेलं. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिने पहिला नंबर फिरवला. कटिंग मशीनवरचा कामगार म्हणाला, पाळी बदलायचे आणि फाटकावर आल्यावर सांगायचे, कंटाळलो. दुसऱ्याला गोंदाच्या वासाने खोकला लागला होता. तिसरा म्हणाला, खरंच घरचं होतं, सासऱ्यांना बघायला कुणी नव्हतं. तिला इतका आनंद झाला की ती त्याचे आभार मानून बसली. चौथ्याने उलट विचारलं, "तुम्ही काय लिहिलंय?" तिने सांगितलं. "मग तेच असेल," म्हणून त्याने फोन ठेवला. आता हा कुठल्या फोडीत घालायचा?

पाचवी पॅकिंगमधली एक बाई होती. दोन वर्षांपूर्वी गेलेली.

"तुम्ही नोकरी का सोडलीत, ते विचारायचं होतं," फॉर्मताई म्हणाली. हे वाक्य आता तिला पाठ झालं होतं.

"मी कुठे सोडली, ताई?"

"म्हणजे?"

"पाचवा महिना होता मला. उभ्याने काम होईना. बसून करायचं काही मिळेल का, नाहीतर थोडे दिवस रजा, असं विचारायला आले होते. तुम्ही लिहीत होता. म्हणालात, घरचंच कारण ना? मी हो म्हटलं. तुम्ही कागद पुढे केलात, मी सही केली."

"वाचला नाहीत?"

"तुम्ही दिला होता ना."

फॉर्मताईने समोरच्या यादीत तिचं नाव पुन्हा वाचलं.

"बाळ झाल्यावर आले होते मी," ती बाई पुढे सांगू लागली, अगदी साध्या आवाजात. "फाटकावरच अडवलं. यादीत नाव नाही म्हणाले."

"मग माझ्याकडे का नाही आलात?"

"तुम्हीच तर काढलं होतंत."

तो फॉर्म तिने कपाटातून शोधून काढला. अक्षर तिचं, सही त्या बाईची, एकेक अक्षर जपून काढलेली. चेहरा आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. आठवेना, कारण तो तिने पाहिलाच नव्हता. तिला लाज वाटली, तिथेच, भर कचेरीत, कान तापेपर्यंत.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत अकरा जण बोलले होते. लेकीने नवा आलेख काढला, पाच-सहा रंगांचा.

"ही एवढीशी लाल फोड राहिली. एकच बाई आहे हिच्यात. हिला काय लिहू?"

फॉर्मताईने त्या फोडीवर बोट ठेवलं. "माझं नाव लिही."

"आई, यावर साहेबांची सही लागते. ते वाचतील."

"वाचू देत."

"आणि नापास झालीस तर?"

फॉर्मताईने पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला, कामावर परत घेण्याचा. असा फॉर्म छापलेला आहे, हे तिलाही परवाच कळलं होतं. साहेब उद्या काय म्हणतील, हे तिला ठाऊक नव्हतं. वर त्या बाईचं नाव लिहिलं, विभाग लिहिला. कारणाच्या रकान्याशी हात सवयीने पुढे गेला, 'घ'ची वळणं काढायला लागला, आणि थांबला. तिने पेन खाली ठेवलं आणि फोन लावला.

"मी फॉर्मताई बोलतेय," ती म्हणाली. "तुमचा फॉर्म भरतेय. कारण काय लिहू, तुम्ही सांगा."