पाववाल्याचा प्रयोग

मी एक जुना भोंगा आहे. भोंगा म्हटलं की तुम्हाला गिरणीचा नाहीतर निवडणुकीच्या जीपवरचा भोंगा आठवेल. मी तसला मोठा नाही. पाववाल्याच्या सायकलच्या हँडलला पुढे पितळी कर्णा आणि मागे काळा रबरी फुगा असतो ना, तो मी. फुगा दाबला की 'पों' करतो, सोडला की श्वास घेतो. एवढंच मला येतं. पण मित्रांनो, एवढ्याशा आवाजावर वसईजवळच्या बोळिंज गावातल्या चार आळ्या आठ वर्षं जाग्या व्हायच्या, आणि एका कॉलेजात माझ्यावर अख्खा तास शिकवला गेला. थोडा गर्व आहे मला. पितळेला तो असतोच.

१९८९ साली आगाशीच्या बाजारात काशीराम सायकलवाल्याने मला जोडलं. कर्णा कुठल्याशा मोडक्या मोटारीचा होता, फुगा तेवढा नवा. माझा मालक जेम्स शेजारी उभा होता.

"आवाज कसा पायजे?" काशीरामने विचारलं.

"झोपलेल्याला राग नाय आला पायजे, पन तो उठला पायजे," जेम्स म्हणाला.

काशीरामने कर्ण्याच्या आतली पत्ती जरा वाकवली, जरा घासली, आणि माझा गळा तयार झाला.

रोज उजाडता उजाडता जेम्स बेकरीत रात्री स्वतः भाजलेले गरम लादीपाव आणि कडक पाव टोपलीत भरायचा, वर निळं प्लास्टिक बांधायचा आणि आम्ही निघायचो. केळीच्या वाड्यांमधून, बावखलाच्या, म्हणजे गावतळ्याच्या, कडेने, क्रुसाजवळून. मी 'पों' केलं की दारं उघडायची. मुलं डोळे चोळत यायची आणि पाव दिसण्याआधीच त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. वळणावर सोनू नावाचा तांबडा कुत्रा शेपूट हलवत उभा राहायचा. त्याला जेम्स तुटलेल्या कडक पावाचा तुकडा टाकायचा. पुढे पुढे तर तुकडा पडायच्या आधीच, माझ्या नुसत्या आवाजाने, सोनूच्या जिभेवरून लाळ गळायची.

क्लेमेंटीन आजी मात्र वेगळी. तिला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण माझा आवाज विरायच्या आत तिची थाळी पायरीवर हजर. पाव घेतला की ती अंगणातलं सोनचाफ्याचं एक फूल माझ्या कर्ण्यात खोचायची. म्हणून तिच्या दारात जेम्स मला एकदा जास्त दाबायचा. आजीला वाटायचं, आपण भोंग्याला सरावलो. मला विचाराल तर जेम्स तिच्या फुलाला सरावला होता. कोण कोणाला शिकवतं, हे इतकं सोपं नसतं.

आणि एक आवाज होता, जो पावासाठी नव्हता. आठच्या सुमारास टोपली रिकामी करून आम्ही घरी यायचो. मागच्या दारी सायकल टेकवताना जेम्स मला दोनदा दाबायचा, अगदी हळू. पों, पों. आत त्याची बायको ग्रेसी मासे साफ करत असो, नाहीतर जेसिकाची वेणी घालत असो, तिचा हात आपोआप चहाच्या टोपाकडे जायचा. दोन कप पाणी. ती मागे वळूनही पाहायची नाही. जेम्स हातपाय धुऊन येईपर्यंत चहा उकळलेला असायचा. आठ वर्षांत त्या दोघांना मी यावर एक शब्द बोलताना ऐकलं नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वेळ तीच होती. अजून आठवण आली की कर्ण्यात कुठेतरी दुखतं.

मग बोळिंजला इमारती उभ्या राहिल्या. नोकरदार माणसं राहायला आली. त्यांना पिशवीतला कापलेला ब्रेड खालच्या दुकानात मिळायचा, भोंग्याची वाट कोण बघणार? बेकरीच्या मालकाने भट्टी बंद केली. जेम्सला पाव भाजण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं. त्याच्या चुलतभावाने बहरीनच्या एका बेकरीत त्याच्यासाठी शब्द टाकला. १९९७च्या जानेवारीत तो गेला. जाताना त्याने मला सायकलवरून काढलं, पुसलं आणि मागच्या पडवीत स्वयंपाकघराच्या खिडकीजवळच्या खिळ्याला टांगलं.

"दोन वर्सांचा करार हाय," तो ग्रेसीला म्हणाला. "दर नाताळला येईन."

पहिल्या नाताळला तो आला नाही. त्याच्या जागी काम करायला माणूस मिळत नव्हता. दुसऱ्या नाताळलाही तेच, मग करारही वाढला. प्रत्येक पत्रात 'नाताळला येतो' असायचंच. ग्रेसी पहिल्या वर्षी पत्र तीन तीनदा वाचायची, घराला चुना काढायची, नाताळला तळायच्या गोड फुग्यांचं पीठ दोन वाट्या जास्त भिजवायची. दुसऱ्या वर्षी तिने पत्र एकदाच वाचलं. तिसऱ्या वर्षी जेसिकाला म्हणाली, "तूच वाच गो. काय नवीन असंल तर सांग." खिळ्यावरून मी सगळं बघत होतो. माझ्याच तोंडाने आठ वर्षं आलेला माणूस आता नुसत्या कागदावर येत होता, आणि कागदाला आवाज नसतो.

जेसिका तोवर कॉलेजात जाऊ लागली होती. मानसशास्त्र घेतलं होतं तिने. पडवीत बसून मोठ्याने वाचायची, त्यामुळे माझाही अभ्यास झाला. अध्ययन म्हणजे पाठांतर नव्हे. अनुभवाने किंवा सरावाने वागण्यात जो टिकाऊ बदल होतो, ते अध्ययन. थकव्याने, तापाने, औषधाने माणूस वेगळा वागला तर ते शिकणं धरत नाहीत. आणि मनात काय चाललंय ते दिसत नसल्याने ही अभ्यासक मंडळी वागणं मोजतात: किती वेळा, किती लवकर, किती थेंब. थेंब ऐकल्यावर मला सोनूची जीभ आठवली.

तिच्या मनोरमा मॅडम नव्या इमारतीत राहणाऱ्या, भरभर बोलणाऱ्या. पावलोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने कुत्र्याला अन्न देताना आवाज ऐकवला आणि पुढे नुसत्या आवाजाने कुत्र्याला लाळ सुटू लागली, हे त्यांनी घाईघाईत सांगितलं. पाववाल्याच्या मुलीच्या कानाने काय ऐकावं? जेसिकाने परीक्षेत लिहिलं, 'रशियात एक पाववाला होता.' पुढे चार पानं भरली. पाववाला येतो, भोंगा वाजवतो, कुत्र्याला तुकडा देतो. मग एक दिवस तुकडा नसतो, तरी कुत्रा लाळ गाळतो.

मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं तेव्हा हसून हसून पोरांची मुरकुंडी वळली. जेसिकाचा चेहरा पडला. मॅडमनी सगळ्यांना गप्प केलं.

"नाव चुकलंय, बाकी एक अक्षर चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांनी घोकलंय, हिने पाहिलंय. जेसिका, तुझ्याकडे भोंगा आहे का गं?"

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर होतो, फळ्यासमोर. तासभर माझ्यावर बोलणं चाललं. पाव हे मूळ उद्दीपक, मी म्हणजे शिकलेलं उद्दीपक, लाळ हा प्रतिसाद. आधी मला काही अर्थ नव्हता म्हणे. पावाच्या सोबतीने मला अर्थ आला. ऐकून वाईट वाटलं, पण खोटं कसं म्हणू? शेवटी मॅडमनी जेसिकाला प्रात्यक्षिक दिलं. भोंगा वाजवायचा, पाव द्यायचा नाही, आणि कुत्रा किती दिवसांत यायचा थांबतो ते नोंदवायचं. याला विलोपन म्हणतात. विझणं.

जेसिकाने सोमवारी सकाळी आठला मागच्या दारी मला दोनदा दाबलं. अडीच वर्षांनी माझ्या पोटात हवा गेली. सोनू धावत आला, धूळ उडवत. जेसिकाने घड्याळ पाहिलं, वहीत आकडा लिहिला. आणि आत टोप वाजला.

ती दारातून डोकावली. ग्रेसीने गॅसवर दोन कप पाणी ठेवलं होतं.

"मम्मी, मी वाजवला," जेसिका म्हणाली. "कॉलेजसाठी."

"म्हाईत हाय मला," ग्रेसी टोपाकडे बघत म्हणाली. "हात गेला गो. मी काय करू?"

दुसरा कप जेसिकाने प्यायला. मंगळवारी तसंच. बुधवारी सोनू आला, पण चालत. शुक्रवारी वळणावरूनच बघून बसला. आत टोप अजून वाजत होता, पण पाणी एकच कप. पुढच्या सोमवारी सोनू आलाच नाही. जेसिकाने वहीत शून्य लिहिलं आणि आलेखाची रेघ खाली टेकवली. प्रयोग अगदी छान झाला होता. मग तिच्या लक्षात आलं की आतही काही वाजलं नाही. ग्रेसी ओट्यापाशी कांदा चिरत होती. तिने मान वर केली नव्हती.

जेसिका घाबरली. मीही घाबरलो, मित्रांनो. एक आवाज होता या घरात जो जेम्सचा होता, आणि तो आम्ही दोघांनी आठ दिवसांत पोकळ करून टाकला होता. पत्रं जे तीन वर्षं करत होती, तेच आम्ही केलं. पप्पा खरंच आले आणि मम्मीला काहीच वाटलं नाही तर? ही भीती तिने त्याच संध्याकाळी मनोरमा मॅडमच्या घरी जाऊन सांगितली. पिशवीत मी होतो.

मॅडम या वेळी भरभर बोलल्या नाहीत. "विझणं म्हणजे पुसलं जाणं नव्हे," त्या म्हणाल्या. "शिकलेलं खाली राहतं. वर 'काही मिळत नाही' हे नवं शिकणं येऊन बसतं. मध्ये काळ गेला की जुनं कधी कधी आपणहून वर येतं."

"कधी कधी म्हणजे?"

"ते मला सांगता येणार नाही. आता नुसता वाजवू नकोस हा भोंगा. टांगून ठेव."

मी पुन्हा खिळ्यावर गेलो. या वेळी कोणी पुसलं नाही. दोन वर्षं मी एकही श्वास घेतला नाही. सकाळी आठ वाजले की मला जेम्सच्या तळहाताची आठवण यायची. पिठाने खरखरीत झालेला, नेहमी कोमट. रबराला हात लागत राहावा लागतो. नाही लागला की ते आधी कडक होतं, मग त्याला भेगा पडतात. खाडीकडचा खारा वारा माझ्या पितळेवर हिरवा थर होऊन चढला. क्लेमेंटीन आजी गेली, हे मला चर्चमध्ये मिस्साला निघालेल्या बायकांच्या बोलण्यातून कळलं. चौथ्या नाताळच्या पत्राला ग्रेसीने उत्तर पाठवलं, तेही जेसिकाकडून लिहून घेऊन: तब्येत सांभाळा. बाकी सगळे मजेत.

२००१च्या ऑक्टोबरात, कुठलाही सण नसताना, एका दुपारी रिक्षा थांबली. पुढच्या दाराला कडी होती, म्हणून जेम्स घराला वळसा घालून मागे आला. केस पांढरे, पोट सुटलेलं, हातात मोठी बॅग. पत्र पाठवलं नव्हतं. चार नाताळ 'येतो' लिहून न आल्यावर पाचव्यांदा लिहायची त्याला लाज वाटली असावी. दारातून त्याला कांदा चिरणाऱ्या ग्रेसीची पाठ दिसली. काय म्हणून हाक मारणार होता?

मग त्याने पडवीतून मला काढलं. तोच हात. मी पाच वर्षं याच क्षणासाठी टांगलेला होतो, मित्रांनो. त्याने दाबलं आणि मी सगळा जीव एकवटला. फुस्स झालं. हवा भेगेतून निघून गेली. त्याने पुन्हा दाबलं, तर रबराचा एक तुकडाच गळून पडला. माझ्याइतका नालायक भोंगा त्या दिवशी सगळ्या वसई तालुक्यात नसेल.

जेम्सने माझ्याकडे पाहिलं. सोनू आता म्हातारा झाला होता, पायरीशी पडला होता, त्याने एक डोळा उघडून मिटला. आणि मग त्या बावन्न वर्षांच्या माणसाने गाल फुगवून, तोंडाने, अगदी हळू केलं, "पों, पों."

आत सुरी थांबली. ग्रेसी वळली नाही. तिचा डावा हात टोपाकडे गेला. नळ सुटला. एक कप. मी मोजत होतो. मग दुसरा.

गॅस लावून झाल्यावर ती पाठमोरीच म्हणाली, "पाव आनलास?"

जेम्सच्या बॅगेत साबण होते, चॉकलेटं होती, अत्तराची बाटली होती. "नाय," तो म्हणाला.

"मग भोंगा कशाला वाजवला?" तिचा आवाज फाटला होता. ती वळली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते, आणि ते कांद्याने नव्हते. "ये. हात धू."

आठ वर्षं मला वाटत होतं, ग्रेसी माझा आवाज शिकली. ती माझा आवाज शिकलीच नव्हती. माझ्यामागचा माणूस शिकली होती. वाईट वाटलं का? वाटलं. पण फुटक्या भोंग्याला याहून चांगली बातमी कुठली मिळणार?

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. माझ्यासारख्या वस्तू वापरात नसल्या तरी अधूनमधून त्यांना हात लावत जा, नेमक्या वेळी आमची फजिती होऊ देऊ नका. आणि कोणाला तुमच्या आवाजाची सवय लावली असेल, तर त्याला नुसता आवाज पाठवू नका. पाव नसला तर रिकाम्या हातांनी या. पण या.